एकवीस टक्के

केळी पिकवायच्या बंद खोलीबाहेर उखर्डूआबांच्या चपला तशाच होत्या. माल म्हणजे लक्ष्मी, म्हणून ते अनवाणीच आत जायचे. काल बाहेरच्या पडद्यावर ऑक्सिजन एकवीस टक्के, मोकळ्या हवेइतका, बघूनच शिरले आणि पिकत्या केळ्यांनी ऑक्सिजन संपवलेल्या खोलीत गुदमरून गेले. चपला न्यायला आलेल्या आबांच्या धाकट्या भावानं जितेंद्रला विचारलं, “आकडा तं बरोबर व्हता ना, भाऊ?” संगणकातल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, जितेंद्रनंच लिहिलेला. कार्डाचा हात बत्तीस बिटांपुरता, मेमरीच्या पहिल्या चार जीबीपर्यंतच पोचायचा. त्यानं कर्नेलला, मेमरीतली जागा वाटून देणाऱ्या मूळ प्रणालीला, हात चौसष्टचा असल्याचं ठोकून दिलेलं. संगणकात चारच जीबी होती, म्हणून खपलं. सोमवारी त्यानंच मेमरी वाढवली. कर्नेलनं लांबची जागा दिली, कार्ड भलतीकडेच लिहीत राहिलं, पडद्यावर जुनाच आकडा थिजला. आज त्यानं चौसष्टचे बत्तीस केले. पडद्यावर एकवीसच आलं. आता ते खरं होतं. दार कालपासून उघडंच होतं.