सावलीचा वाफा

झेंडूची रोपं उर्वीने बावळेकरसरांच्या हातात परत ठेवली. "सर, नववी 'ब'च्या वाफ्यात ऊन येतच नाही. ही जगायची नाहीत."

"मग काय, अंधार लावणार?" सर हसले. "महाबळेश्वरची थंडी, त्यात वर जांभळाची सावली. संमेलनापर्यंत काही तगलं नाही तर तिथे सायकलस्टँड होणार, सांगून ठेवतो."

"थोडं ऊन उसनं देऊ का गं?" शेजारच्या वाफ्यातून 'अ' वर्गाचा यशोधन म्हणाला. उर्वीने नाक उडवलं. शाळेच्या वाटेवर गर्द झाडांखाली जे आपसूक फोफावतं, तेच तिने आणून लावलं: नेचे आणि बिगोनिया.

संमेलनाच्या आदल्या रात्री हिमकण पडले. सकाळी उघड्यावरचे सगळे झेंडू काळेठिक्कर पडले होते. जांभळाने मात्र आपल्या पायाशी हिम उतरूच दिलं नव्हतं. नेचे टवटवीत उभे होते.

सायकलस्टँडची मोजमापं घ्यायला आलेल्या सरांनी टेप परत गुंडाळली. यशोधन घुटमळला. "वाफ्यांची अदलाबदल करायची?"

"फुटवे हवे तेवढे ने," उर्वी म्हणाली, "सावली मात्र तुझी तू शोध."