उरलेले बेचाळीस मीटर

"पाणी लागलं हे छानच झालं एजे, पण हे बेचाळीस मीटर पाईप वर का पडलेत?" बिश्केकहून आलेल्या तपासनिसाने, एर्केबायने विचारलं.

 बुरुलाय म्हणजे सगळ्या गावाची एजे, थोरली बहीण. म्हणून परदेशी अनुदानातून होणाऱ्या बोअरची देखरेखही तिच्याच गळ्यात पडली होती. गावातल्या बायका नदीवरून गाढवांवर पाणी आणत. हिवाळ्यात आधी कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा, मग डबे भरायचे. बोअरला अठराव्या मीटरवरच गोडं पाणी लागलं, तेव्हा म्हाताऱ्यासुद्धा चिखलात नाचल्या होत्या.

"फॉर्मात लिहिलंय, जमिनीत गेलेला पाईप साठ मीटर," एर्केबाय म्हणाला. "साठ भरल्याशिवाय पंप मिळत नाही."

"अरे बाळा, खाली खारं पाणी आहे. आणखी खाली गेलो तर हेही नासेल."

"मग बदलाचा अर्ज करा. चार महिन्यांत उत्तर येतं."

चार महिन्यांत थंडीने जमीन गोठून दगड झाली असती. एर्केबाय माणूस वाईट नव्हता. चहाबरोबर त्याने कणकेचे तळलेले सात बोरसोक खाल्ले, बोअरचं पाणी ओंजळीने प्यायला, "वा!" म्हणाला. मग फॉर्मावर 'अपूर्ण' असं लिहून, दहा दिवसांनी येतो म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी बुरुलायने गावातली सगळी फावडी गोळा केली.

"एजे, डोकं फिरलं का तुमचं?" बोअरवाला तोलोगोन म्हणाला. पण खणायला पहिला उतरला तोच.

दहा दिवसांनी एर्केबाय आला, तेव्हा वर एकही पाईप नव्हता. त्याने मोजलं. अठरा मीटर खाली. बोअरच्या तोंडापासून पुरुषभर खोल चरातून बेचाळीस मीटर, थेट शाळेच्या अंगणापर्यंत.

"एजे, हा तर आडवा आहे!"

"आडवा असला तरी जमिनीतच आहे ना? दाखव मला, तुझ्या फॉर्मात दिशेचा रकाना कुठाय?"

एर्केबायने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. रकाना नव्हता.  मग त्याने ठसठशीत अक्षरात 'साठ' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पंप आला, बसला, शाळेत नळ सुरू झाला. वसंतात परदेशातून कौतुकाचं पत्र आलं. काम उत्तम झालं आहे, सबब याच बोअरची खोली आणखी तीनशे मीटर वाढवावी, पाईप पाठवत आहोत.

तोलोगोनने कपाळावर हात मारून घेतला. बुरुलाय मात्र पावलं मोजत टेकडीवरच्या शेवटच्या घराकडे निघालीसुद्धा होती.