शाळा सुटल्याची घंटा

“ताई, तुमची लेक मधल्या सुट्टीत माझ्याजवळ जिन्याखाली बसून डबा खाते, जरा लक्ष द्या,” शाळेच्या शिपाईमावशींनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. सहावीला नवी शाळा, रुळेल हळूहळू! महिन्याभराने एकदा तिचा घरी विसरलेला डबा मधल्या सुट्टीत द्यायला गेले, तर लेक तिथेच, भिंतीकडे तोंड करून. मी जिन्याआडच रडू लागले. “डोळे पुसा,” मावशी म्हणाल्या. “आजपासून शाळा सुटल्याची घंटा हिच्याकडे.” संध्याकाळी लेकीने जड हातोडी दोन्ही हातांनी उचलून ठोके दिले आणि वर्गावर्गांतून गलका उसळला. “ए, आमच्यात बस, पण उद्या दोन मिनिटं लवकर वाजव!” मुलींनी तिला गराडाच घातला. “लाच चालणार नाही!” मावशींनी दटावलं. हल्ली ती मैत्रिणींत जेवते. परवा म्हणाली, “आई, मावशींजवळ आता कोण बसतं?” तुमच्या मुलांच्या शाळेतल्या मावशी कोणाबरोबर जेवतात, एकदा बघून याल?