सिदू अजून विहिरीत

"आण्णा, उजवा हात टेबलावर ठेवा. मला वढाय लावू नका," हातोडा सरसावत कृष्णात म्हणाला.

पायगोंडा आण्णांनी हात ठेवला. गेली तीस वर्षं त्याच हातानं ते सिदू मेंढक्याचं कॉमिक्स काढत होते, आणि ते न वाचलेलं पोर सांगली-साताऱ्यात शोधून सापडलं नसतं. या खेपेला त्यांनी गोष्टीतल्या वाळूचोराला थेट नदीतली वाळू उपसणाऱ्या आप्पासाहेबांचं तोंड काढलं. तालुका पोट धरून हसला. म्हणून आप्पासाहेबांनी विट्याहून कृष्णातला धाडला होता.

पहिल्या घावाला शाईची दौत उडाली. दुसऱ्याला बोटांची हाडं कडाकडा मोडली. आण्णा गुरासारखे ओरडले, पण अंगठ्याचा पार चेंदामेंदा होईस्तोवर कृष्णात हाणतच राहिला. टेबलावरचा कोरा कागद रक्तानं भिजून गेला.

हातोडा पुसून तो दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यातच घुटमळला.

"आण्णा, एक इचारू? सिदूला बांधून हिरीत टाकलाय न्हवं त्येंनी. माझी पोरगी रोज जीव खाती, बाबा, पुढचा अंक कवा येनार म्हून. आनि मलाबी चैन न्हाई, खोटं कशाला बोलू? त्यो वर येतोय न्हवं?"

आण्णांनी आपल्या हाताकडं बघितलं.

"मला तरी काय ठावं, लेका? काढाय बसलो की मगच कळायचं मला."