शेवटच्या गाण्यातली करकर

“काढून टाक,” ड्रमर म्हणाला. “दोन्ही. मुळासकट.”

साउंड इंजिनिअरने लगेच काही केलं नाही. समोरच्या पडद्यावर अल्बममधलं शेवटचं गाणं लाटेसारखं पसरलं होतं, आणि त्यात दोन बारीक काटे दिसत होते. पहिला काटा शेवटच्या कडव्याच्या आधी, चौघेही वाजवायचं थांबतात तिथे. दुसरा अगदी शेवटी, झांजेचा नाद विरत जातो तिथे. कर्र. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, कर्र.

ही करकर पंचेचाळीस वर्षं ड्रमरच्या मानगुटीवर बसली होती. अल्बम आला तेव्हा पहिल्याच परीक्षणात कोणीतरी लिहिलं, की ड्रमरने ताल चोख सांभाळला, फक्त स्टुलाला तेल द्यायचं राहून गेलं. झालं! बँडमधल्या बाकीच्या तिघांना नाव मिळालं आणि ह्याला तेल. एका चाहत्याने तर खरोखरीच बाटली भेट दिली, वर रिबीन बांधून. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुलाचा स्क्रू न् स्क्रू मी आवळला होता, असं ड्रमर शपथेवर सांगायचा. लोक हसायचे. करकर ड्रम्सच्या माइकवर आली होती, मग खापर दुसऱ्या कोणावर फुटणार?

तबकडीनंतर कॅसेट आली, कॅसेटनंतर सीडी. सीडी करणाऱ्याने गाण्याचं शेपूट जरा लवकर कापलं, त्यात दुसरी करकर गेली आणि पहिली तेवढी राहिली. ती सीडी ड्रमरच्या बायकोने घरात कधी लावू दिली नाही. आवडत नाही म्हणाली, विषय संपला. तबकडीच भारी म्हणणाऱ्यांपैकी आपलीही बायको, असं ड्रमर कौतुकाने धरून चालला.

आता पुन्हा तबकडीच निघणार होती, मूळ टेपवरून. बाकीच्या तिघांनी घरबसल्या संमतीच्या सह्या करून टाकल्या. ड्रमर मात्र एकाहत्तराव्या वर्षी दोन जिने चढून स्वतः आला. ह्यानंतरची आवृत्ती ऐकायला आपण असू की नसू. हे गाणं एकदा तरी स्वच्छ ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. बायको बरोबर होती. त्याच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये असायच्या, त्यामुळे तो जाईल तिथे तिला जावंच लागे.

“काका, लोक मला फाडून खातील,” इंजिनिअर म्हणाली. “त्यांना गाणं करकरीसकट पाठ आहे.”

“खाऊ देत. तेवढा वेळ मला तरी सोडतील.”

तिने पहिल्या काट्यावर रेघ ओढली. काटा गेला. ड्रमरचा जीव भांड्यात पडला. ती दुसऱ्याकडे वळली.

“थांब गं,” कोपऱ्यातून त्याची बायको म्हणाली. “पहिली गेली तर जाऊ दे. दुसरी ठेव.”

दोघांनी वळून पाहिलं.

“ते स्टूल नव्हतं. माझी खुर्ची होती. ड्रम्सपासून हातभर लांब. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की हलायचं नाही, असं मला बजावून बसवलं होतं.” ती इंजिनिअरकडे बघून बोलत होती, नवऱ्याकडे नाही. “तीन वर्षांच्या संसारात हा तीन महिनेसुद्धा घरी नव्हता. मी बॅग भरून आले होते. गाणं झालं की सांगायचं आणि निघायचं. मग मनात आलं, सांगायचं तरी कशाला? हे सगळे थांबले, तशी मी उठले.”

“ती बॅग?” ड्रमर म्हणाला. “माझे कपडे होते ना त्यात? मी सगळ्यांना सांगितलं, बायको असावी तर अशी!”

“माझे होते ते.”

ड्रमर खुर्चीत पुढे सरकला.

“मग शेवटच्या कडव्यात ह्याची काठी हातातून निसटली. एकाच हाताने वाजवत राहिला, आणि जीभ चावली अशी. म्हटलं, ह्या येड्याला टाकून कुठे जायचं? गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिले. मग बसले.”

“मला कशी दिसली नाहीस?”

“तेव्हा मी तुला कुठे दिसायचे?”

ड्रमरने मान खाली घातली. मग म्हणाला, “अगं, पण लोकांनी मला तेलाने न्हाऊ घातलं. एका शब्दाने सांगायचंस तरी!”

“खुर्ची माझी म्हटलं, की दोनदा का वाजली तेही सांगावं लागलं असतं.” आता तिने त्याच्याकडे पाहिलं. “आणि ती तुझी सीडी. त्यात मी उठते आणि गाणं संपून जातं. त्यात मी गेलेली आहे रे.”

ड्रमरने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग खुर्ची ओढत बायकोच्या खुर्चीला नेऊन टेकवली.

“पहिली परत आण,” तो इंजिनिअरला म्हणाला. “आणि शेवटचं कडवं लाव.”

तिने लावलं. चौघे थांबले. कर्र. कडवं सुरू झालं, मध्येच डाव्या हाताचे ठोके थांबले, आणि म्हाताऱ्याने पुन्हा जीभ चावली. बायको हसली. झांजेचा नाद विरत गेला. ड्रमर श्वास रोखून, कान देऊन बसला. कर्र.

“पोरी,” तो म्हणाला, “ही दुसरी जरा मोठी करता येईल का गं?”