पायरीवरच्या चपला

बरगीजवळच्या चर्चच्या पायरीवर पूर्णिमानं भर उन्हात चपला काढल्या. बाबा सोबत असते तर म्हणाले असते, ‘उन्हात काहून ठेवते? पाय पोळतील.’ पण ज्यांनी गाणं शिकवलं, त्याच बाबांनी बजावलं होतं, ‘चर्चच्या फुकट मैफिलीत गायलीस, तर घरी येऊ नको.’ आत ती षड्ज लावणार, तोच तबलजी पुटपुटला, ‘दीदी, तुमचे बाबा! शेवटच्या बाकावर बसून राहिले.’ चारचौघांत उठवतील का? डोळे मिटून तिनं त्यांचाच सारंग धरला. अंतऱ्याला बाबांच्या काठीची ठकठक ऐकू आली. जवळ येते की दूर जाते, कळेना. सूर हलला, तिनं सावरला. टाळ्या पडल्या, तिनं डोळे उघडले. शेवटचा बाक रिकामा होता. ती बाहेर आली. पायरी तव्यासारखी तापली होती. चपला तिथं नव्हत्याच. भिंतीच्या गार सावलीत जुळवून ठेवलेल्या होत्या.