पुराव्यातील कवळी

मंगळवार, अकरा फेब्रुवारी. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. परदेशी टपाल कार्यालयाच्या लांब टेबलावर त्रेसष्ट पाकिटे आणि डबे मांडलेले होते. शेजारच्या देशाने दोन महिन्यांपूर्वी टपाल स्वीकारणे बंद केले होते आणि प्रत्येक वस्तू ‘प्रवेश नाही’ असा जांभळा शिक्का मारून परत पाठवली होती. सरकार आज त्याचा निषेध नोंदवणार होते. साडेबाराला मंत्रालयाची गाडी हा सारा पुरावा न्यायला येणार होती.

टेबलापलीकडे अधीक्षक उभे होते; अलीकडे एक वृद्ध दंतकारागीर. आयुष्यभर त्यांनी दवाखान्यांना कवळ्या करून दिल्या होत्या. शेवटची त्यांनी सीमेपलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीसाठी केली होती. ती समोरच्या पत्र्याच्या डबीत परत आली होती.

“साहेब, तेवढी डबी द्या. आमच्या शेजारच्या नर्सबाई दोनच्या गाडीने तिकडे निघाल्यात. बंदी टपालाला आहे, माणसांना नाही.”

“काका, किती जणांना सांगू? हे आता टपाल राहिलं नाही. पुरावा झालाय.”

“मग बाकीचं न्या की. बासष्ट उरतात.”

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बासष्टांना कोण विचारतंय? वरून फोन आलाय. मंत्रीसाहेब पत्रकारांसमोर हीच डबी उघडणार. म्हातारीच्या तोंडचा घास काढला, असं म्हणणार आहेत.”

“बरोबरच आहे ते. पण आता तो घास अडवून कोण बसलंय?”

कोपऱ्यात यादी टंकित करणाऱ्या बाईंनी मान वर केली. “दुसरी करून द्या ना, काका. तुमच्या तर हातचा मळ.”

“कवळी बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, बाई. नवं माप घ्यायचं तर ताईचं तोंड इथे हवं. दोन महिने नुसत्या पातळ पेजेवर आहे ती. परवा फोनवर म्हणाली, भाऊ दातांचा कारागीर आणि बहीण बोळकी! चारचौघांत सांगायची सोय नाही.”

बाई हसल्या, आणि मग त्यांनी नजर यादीकडे वळवली.

“रिकामी डबी पाठवून चालणार नाही,” अधीक्षक खालच्या आवाजात म्हणाले. “उघडली की माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. शिवाय वजन लिहिलंय, साठ ग्रॅम. तिथे तोलून घेतात.”

“रिकामी कशाला?”

कारागिरांनी त्या दोघांकडे पाठ केली आणि हात तोंडाशी नेला. खिडकीशेजारच्या नळावर त्यांनी काहीतरी बराच वेळ धुतले, रुमालाने पुसले. वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते आणि चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. रुमालावर वरची आणि खालची, अशी पूर्ण कवळी होती.

“हीपण माझ्याच हातची,” ते म्हणाले. शब्द आता ओठांतून वाऱ्यासारखे निसटत होते. “पत्रकारांना फरक कळायचा नाही.”

“अहो, पण तुम्ही काय करणार?” बाईंनी विचारले.

“माझं तोंड माझ्यापाशीच आहे. माप कधीही घेता येईल.”

अधीक्षकांनी दाराकडे पाहिले. मग सकाळीच लावलेली लाखेची मोहर त्यांनी नखाने उचकटली, डबीतली कवळी कारागिरांच्या हाती दिली आणि रुमालावरची तिच्या जागी नीट बसवली. डबी वजनकाट्यावर ठेवली. बाईंनी आकडा वाचला आणि यादीत दुरुस्ती करण्यासाठी पेन उचलले.

“राहू द्या,” अधीक्षक म्हणाले, आणि लाख वितळवायला बसले.

कारागिरांनी रुमालाची गाठ बांधली, ती आतल्या खिशात ठेवली आणि जिना उतरताना तोंडावर हात धरला.

सायंकाळी पाच वाजता निषेध रीतसर नोंदवण्यात आला. लेखी नोंदीपेक्षा त्याचे वजन एक ग्रॅमने अधिक होते.